धुराचा हिशेब आणि गावकुसाबाहेरचा वाटा

हिशेबाची वही ज्याच्या हाती, त्याचेच देणेघेणे खरे ठरते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावे लागत नाही. भंडारा जिल्हा हा मालगुजारीचा मुलूख. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने मध्य प्रांतातली गावेच्या गावे मालगुजारांच्या नावे लिहून दिली, आणि १९५१ साली मालगुजारी संपेपर्यंत धानाच्या कोठीबरोबर वहीसुद्धा वाड्यातच राहिली. बापाने चार पायल्या धान उचलावे, लेकाने सालदार राहून ते फेडावे आणि तरीही वहीतला आकडा हलू नये, हा इथला नित्याचा अनुभव. ज्याला वाचता येत नाही त्याचे कर्ज वाढतच असते.

मोहाडी तालुक्यातले करडी हे वैनगंगेच्या खोऱ्यातले असेच एक धानाचे गाव. भोवती बांध्या, बोड्या आणि तलाव, जवळच कोक्याचे जंगल. आषाढ लागला की घोटाभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बायांच्या रांगा दिसतात. त्यांतल्या पुष्कळ जणी दुसऱ्याच्या बांधीत उभ्या असतात. त्यांच्या घरी चूल पेटते ती सरपणावर आणि शेणाच्या गोवऱ्यांवर. कोळसा, तेल, विमान, मोटार या गोष्टींशी त्यांचा संबंध फार तर एस.टी.च्या तिकिटापुरता. असे असूनही १९९० च्या सुमारास या बायांचे नाव जगाच्या एका मोठ्या वहीत देणेकरी म्हणून चढवले गेले. पृथ्वीचे हवामान बिघडवण्यात त्यांचाही हात आहे, असे त्या वहीत लिहिले होते. ही नोंद कशी झाली, ती कोणी खोडली आणि खोडणाऱ्याने पुढे काय केले, हा इतिहास आपण नीट वाचला पाहिजे.

१९९० साली वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने पृथ्वी तापवणाऱ्या वायूंचा देशवार हिशेब प्रसिद्ध केला. त्यात पहिल्या पाच अपराध्यांमध्ये अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्या पंगतीला ब्राझील, चीन आणि भारत बसवले होते. भारताच्या नावावर जे देणे दाखवले गेले त्यात धानाच्या बांधीतून निघणाऱ्या मिथेन वायूचा वाटा मोठा होता. पाणी साचलेल्या चिखलात हा वायू तयार होतो हे खरे आहे. प्रश्न होता तो किती, हा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने परदेशातल्या शेतांवरची मापे भारतातल्या बांध्यांना लावली आणि वर्षाला सुमारे ३ कोटी ८० लाख टन असा आकडा काढला. मग दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या पुढाकाराने डॉ. ए. पी. मित्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली देशातल्या निरनिराळ्या धानपट्ट्यांत प्रत्यक्ष मोजणी केली. आकडा निघाला सुमारे ४० लाख टन. म्हणजे लावलेले देणे खऱ्याच्या नऊ-दहा पट होते. मालगुजाराच्या दिवाणजीनेही एवढे धाडस क्वचितच केले असेल.

त्याच वर्षी अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रातर्फे एक पुस्तिका काढून या हिशेबाच्या पद्धतीलाच आव्हान दिले. त्यांचा मुद्दा साधा होता. पोट भरण्यासाठी केलेल्या रोवणीतून निघणारा वायू आणि चैनीसाठी उडवलेल्या मोटारीचा धूर एका तराजूत तोलणे हा अन्याय आहे. आकाश सर्वांचे असेल तर त्यातला वाटा माणशी मोजला पाहिजे.

हा मुद्दा आपल्याला नवा वाटू नये. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचलले ते याच तत्त्वावर. तळे सार्वजनिक आहे, नगरपालिकेने ते सर्वांना खुले केले आहे, मग त्यावर मूठभरांचाच ताबा कसा? हवेचे तळे तर महाडच्या तळ्याहून मोठे. त्या तळ्यात दोनशे वर्षे घाण सोडणाऱ्यांनी आता काठावर उभे राहावे आणि ज्यांना ओंजळही मिळाली नाही त्यांना काटकसरीचा उपदेश करावा, हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे.

आता थोडे मागे जाऊ. १८९६ या एका वर्षाकडे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो. त्या वर्षी स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी गणित करून दाखवले, की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वीचे तापमान वाढेल. त्याच वर्षी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही इंग्रजी कंपनी मध्य प्रांतातली खनिजे धुंडाळण्यासाठी उभी राहिली. आणि त्याच वर्षी पाऊस फसून मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तो सावरतो न सावरतो तोच १८९९-१९०० चा दुसरा आला. युरोपात धुराचे गणित मांडले जात होते, इथे जमिनीखालचे धन शोधले जात होते, आणि त्या जमिनीवरची माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती.

सिंडिकेटला हवे होते मँगनीज. पोलाद ओतताना लोखंडातला गंधक आणि प्राणवायू बाजूला काढला नाही तर ते लाटताना तडकते. हे काम मँगनीज करते. १८५६ साली बेसेमरची पद्धत आली आणि पोलाद स्वस्त झाले, ते मँगनीजच्या जोरावर. १९०० च्या आगेमागे नागपूर, बालाघाट आणि भंडारा जिल्ह्यांत खाणी सुरू झाल्या. तुमसरच्या उत्तरेला चिखला, डोंगरी बुजरुक या खाणी आजही चालू आहेत. करडीहून तुमसर काही फार लांब नाही. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर यांनी १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला. त्या काळात मँगनीज काढणाऱ्या देशांत भारत रशियाच्या बरोबरीने पहिल्या ओळीत होता. टाटांच्या साकचीच्या कारखान्यातून पोलाद निघू लागले ते १९१२ पासून. तोवर या मातीतल्या मँगनीजचा इथे काहीच उपयोग नव्हता. सगळे आगगाडीने मुंबईला आणि बोटीने इंग्लंड, युरोप, अमेरिकेच्या भट्ट्यांकडे जात होते. पुढे १९३३ साली विशाखापट्टणमचे बंदर उघडले. मध्य प्रांतातले मँगनीज लवकर बाहेर जावे, हा ते बांधण्यामागचा एक मुख्य हेतू होता.

खाणीत राबत होते ते आदिवासी आणि दलित. पुरुष खोदत, बाया दगड फोडून निवडत आणि टोपल्या वाहत. त्यांना मिळाली ती रोजी. दगड गेला, त्याबरोबर नफा गेला, आणि ज्या भट्टीत तो पडला तिथल्या कोळशाचा धूर आकाशात गेला. तो धूर अजून तिथेच आहे. कारण कार्बन डायऑक्साइडचा स्वभाव असा, की एकदा हवेत गेल्यावर त्याचा मोठा भाग शेकडो वर्षे हटत नाही. कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. म्हणूनच हवामानाच्या प्रश्नात इतिहास टाळता येत नाही. पणजोबाचा धूर पणतूच्या डोक्यावर असतो.

याच इतिहासाची दुसरी बाजू हातमागाची. विदर्भातल्या महार समाजात जाडेभरडे कापड विणणारे हजारो लोक होते. गावकामगाराचे वतन आणि माग, या दोहोंवर त्यांचे पोट चाले. लँकेशायरच्या गिरण्या कोळशाच्या वाफेवर फिरू लागल्या आणि १८६७ साली आगगाडी नागपुरात आली, तेव्हा ते गिरणीचे कापड गावोगावच्या बाजारात उतरले. मग कोष्टी बसला, तसा महारही बसला. मागावरचा माणूस मजुरीला लागला. काही नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये गेले, काही खाणीत, काही दुसऱ्याच्या बांधीत. १८५० साली साऱ्या जगात कोळशातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी अर्ध्याहून अधिक एकटे ब्रिटन सोडत होते. त्या धुराच्या एका टोकाला मँचेस्टरची श्रीमंती होती, दुसऱ्या टोकाला बंद पडलेला माग. हवामानाच्या परिषदांत धूर टनात मोजतात. बंद पडलेल्या मागाचे माप तिथे कोणाजवळच नसते.

आजवरचा सगळा धूर मोजला तर त्यातला सुमारे चौथा हिस्सा अमेरिकेचा आहे. ब्रिटनसह युरोपीय संघातल्या देशांचा सुमारे २२ टक्के. जगातला दर सहावा माणूस भारतात राहतो आणि भारताचा वाटा सुमारे ३ टक्के. आज वर्षाला माणशी अमेरिकन माणूस १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, चिनी माणूस सुमारे ८ आणि भारतीय सुमारे २. हे आकडे पाहिल्यावर भारताची बाजू न्यायाची आहे याबद्दल शंका उरत नाही. १९७२ साली स्टॉकहोमला इंदिरा गांधींनी गरिबीचा प्रश्न पर्यावरणाच्या चर्चेत आणला. १९९२ साली रिओच्या करारात जबाबदारी सर्वांची, पण वाटा वेगवेगळा, हे तत्त्व लिहिले गेले. १९९७ च्या क्योटो कराराने फक्त श्रीमंत देशांवर कपातीचे बंधन घातले. २००१ मध्ये अमेरिकेने त्याकडे पाठ फिरवली. २०१५ च्या पॅरिस करारात प्रत्येकाने आपापला वाटा आपणच ठरवावा असे झाले, म्हणजे देणेकऱ्याने आपले देणे स्वतःच लिहावे! त्यातूनही अमेरिका २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा हुकूम निघाला.

पैशाचेही तसेच. २०२० पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू, असे श्रीमंत देशांनी २००९ साली कोपनहेगनला म्हटले. ते पुरे झाले २०२२ साली, आणि त्यातला मोठा भाग कर्ज म्हणून दिलेला. ज्याने देणे लागायचे त्यानेच घेणेकऱ्याला व्याजाने पैसे द्यायचे, ही सावकारी आपल्या गावातल्या सावकारालाही सुचली नव्हती. २०२४ मध्ये बाकूला २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जांचा ठराव झाला, तेव्हा भारताच्या प्रतिनिधीने तिथेच हरकत नोंदवली. ती योग्यच होती.

श्रीमंत देशांचे म्हणणे काय असते? ते म्हणतात, आमच्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते. आम्ही स्वतः काही केले नाही. झाले ते झाले, आता सर्वांनी मिळून पुढे पाहू. भारताचे प्रतिनिधी त्याला उत्तर देतात, की पूर्वजांची इस्टेट घेता तर त्यांचे देणेही घ्या. तुमची आजची संपत्ती त्याच धुरातून आली आहे. शिवाय अऱ्हेनियसचे गणित १८९६ चे आहे, आणि आजवरच्या धुरापैकी निम्म्याच्या आसपास धूर १९९० नंतर, म्हणजे सर्व काही कळल्यावर सोडला गेला.

हा युक्तिवाद ऐकताना दलित वाचकाला क्षणभर थांबावेसे वाटेल. कारण ‘आमच्या पूर्वजांनी केले, आम्ही नाही’ हे वाक्य त्याने आयुष्यभर ऐकले आहे. अस्पृश्यता मागच्या पिढ्यांनी पाळली, आता जात राहिली कुठे, मग राखीव जागा कशाला, जमिनीचे फेरवाटप कशाला, असे आपल्याला विचारणारे जे लोक आहेत, त्यांच्याच वर्गातली माणसे परदेशी परिषदांत ऐतिहासिक जबाबदारीवर उत्तम भाषण करतात. पूर्वजांची इस्टेट आणि पूर्वजांचे देणे यांची फारकत करता येत नाही, हे तत्त्व समुद्रापलीकडे खरे असेल तर ते वेशीच्या आतही खरे असले पाहिजे. लंडनने मँचेस्टरच्या धुराचा हिशेब द्यायचा असेल, तर गावाने गावकुसाचा हिशेब द्यायला हवा. एक न्याय मागायचा आणि दुसरा नाकारायचा, असे चालणार नाही.

आणि इथेच सरासरीचा प्रश्न येतो. माणशी दोन टन ही सरासरी कोणाची? मुंबई-पुण्याच्या बंद खोल्यांत अहोरात्र थंड हवा घेणारा माणूस आणि करडीतली रोवणी करणारी बाई यांना एकत्र भागले की दोन येतात. बाईने कमी जाळले म्हणून त्याला जास्त जाळता येते आणि देशाची मान तरी ताठ राहते. २००७ साली ग्रीनपीस इंडियाने आपल्या अहवालात हेच म्हटले होते, की देशातले श्रीमंत गरिबांच्या आडोशाला लपले आहेत. ‘गावाची विहीर’ म्हणतात तेव्हा त्या गावात आपण नसतो, आणि गावावर पट्टी बसते तेव्हा मात्र आपण गावात असतो. ‘देशाचा वाटा’ या शब्दाचेही असेच होऊ लागले आहे.

याचा अर्थ भारताने वीज निर्माण करू नये, असा कोणी काढू नये. तो बाबासाहेबांशी द्रोह ठरेल. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना वीज आणि पाण्याचे धोरण त्यांच्याकडेच होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या प्रश्नावर बोलताना त्यांनी ती स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे, असा आग्रह धरला. विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही, असे त्यांचे सूत्र होते. खेड्यातल्या जमिनीवर आपला हक्क नव्हता, म्हणून शहर आणि कारखाना ही आपल्यासाठी सुटकेची वाट होती. त्याच वर्षाच्या अखेरीस ते झरिया-राणीगंजच्या कोळसा खाणींत गेले, आणि १९४४ साली खाणकामगारांच्या कल्याणासाठी स्वतंत्र निधी उभा राहिला. कोळसा कोण काढतो आणि कोणासाठी, हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकत्र पाहिले. ज्या भंडाऱ्याने १९५४ च्या पोटनिवडणुकीत त्यांना हरवले, त्या भंडाऱ्याने तरी हे आता समजून घ्यावे.

आज चित्र काय आहे? करडीच्या पलीकडे, गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. नागपूर जिल्ह्यात मौदा, कोराडी, खापरखेडा, खाली चंद्रपूर. कोळसा विदर्भ आणि छत्तीसगढच्या पोटातला, पाणी वैनगंगेसारख्या नद्यांचे, राख इथल्या शेतावर, आणि विजेचा मोठा भाग तारांवरून पश्चिमेला. शंभर वर्षांपूर्वी मँगनीज ज्या दिशेने गेले त्याच दिशेने आज वीज जाते. धुराची नोंद मात्र साऱ्या देशाच्या नावे होते, म्हणजे करडीच्याही.

२०१० साली केंद्र सरकारने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसवला. स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून बसवलेला हा कर २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर गेला. २०१७ मध्ये तो राज्यांच्या करभरपाईकडे वळवण्यात आला. आपण परदेशाकडे जी मागणी करतो, की जाळणाऱ्याने द्यावे आणि सोसणाऱ्याला मिळावे, तिची एक लहानशी तजवीज आपल्याच घरात झाली होती. सोसणाऱ्यापर्यंत ती पोचण्याआधीच वाट बदलली.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. वरच्या धरणांचे पाणी सुटले आणि भंडारा जिल्ह्यातली नदीकाठची गावे, धानाच्या बांध्या पाण्याखाली गेल्या. एका पुराचे खापर एकट्या हवामानबदलावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. पण अवेळी पाऊस, लांबणारा खंड, ४५ अंशांच्या पुढचा उन्हाळा आणि असे पूर पुढे वाढणार आहेत, असे शास्त्रज्ञ सांगतात. पूर ओसरला की पंचनामे होतात. पिकाची भरपाई सातबाऱ्यावर येते. ज्याच्या नावे सातबारा त्याचे नुकसान, असा कायद्याचा अर्थ. त्या बांधीत ज्या बाईची हंगामाची रोजी बुडाली, तिचे नुकसान कोणत्या कागदावर लिहायचे? कोक्याचे जंगल २०१३ साली अभयारण्य झाले. जंगल कार्बन शोषते म्हणून त्याचे मोल देशाच्या खात्यावर जमा होते. त्या जंगलातून तेंदूपाने आणि सरपण आणणारीच्या खात्यावर काय जमा झाले?

२०२२ साली शर्म अल शेखला ‘हानी आणि नुकसान’ यांसाठी जागतिक निधी उभारण्याचे ठरले, आणि २०२३ मध्ये दुबईला त्याची सुरुवात झाली. उद्या त्यातून किंवा आणखी कुठून भारताला पैसा मिळालाच, तर तो कोणत्या वाटेने खाली येईल? सातबाऱ्याच्या वाटेने आला तर भूमिहीनाच्या घराला वळसा घालून जाईल. आपली मागणी त्यामुळे आतापासूनच स्पष्ट असली पाहिजे. बुडालेली मजुरी हे नुकसान म्हणून लिहिले जावे. पंचनाम्यात बांधीच्या मालकाबरोबर बांधीत राबणाऱ्याचेही नाव यावे. वीज केंद्राच्या छायेतल्या वस्तीला विजेत आणि कोळशावरच्या करात हक्काचा वाटा असावा. आणि देश जेव्हा आपल्या गरिबांच्या नावाने जगाकडे घेणे मागतो, तेव्हा त्या गरिबांची गणती जातवार आणि वर्गवार समोर ठेवावी.

ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपले शेवटचे कोळशाचे वीज केंद्र बंद केले. जगातले पहिले त्यांनीच १८८२ साली लंडनमध्ये सुरू केले होते. १४२ वर्षांनी त्यांनी हात धुतले. धुतलेल्या हाताने कोणी आपल्याला शिकवू लागला तर आपण वही मागावी, आणि त्या वहीत भंडाऱ्याच्या मँगनीजचे पान आहे की नाही, ते पाहावे. तीच वही मग दिल्ली आणि मुंबईसमोरही उघडावी. आपल्या समाजात आता वाचता येणारी माणसे आहेत. पूर्वी वाड्यातली वही वाड्यातच राहत होती, ती यापुढे राहू देण्याचे कारण नाही.